छोट्या रेल्वेचा इतिहास आणि आपली एक रात्र

मित्रहो, आणि ज्यांना पाहून आजही हात आपोआप पाठीमागे बांधले जातात ते आमचे सर आणि बाई,

लेख मागताना संपादक मंडळातल्या मित्राने मला दटावूनच सांगितलं, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलास, तर इतिहास लिही." मी कबूल झालो, पण विषय माझा निवडला. शिवकाल नाही, पेशवाई नाही, छोट्या रेल्वेचा इतिहास. खेळण्यातली रेल्वे म्हणा हवं तर, पण ती करणाऱ्यांसमोर 'खेळणं' म्हणू नका, त्यांना राग येतो. त्यातही मला एका गोष्टीचं कुतूहल फार आहे. ही रेल्वे करायला बसलेली माणसं तासन् तास जागची उठत नाहीत. जेवण विसरतात, दिवस उजाडलेला विसरतात. असं का व्हावं?

हा विषय मला कुठून सुचला, ते मार्च १९८४ च्या दहावीच्या तुकडीला एव्हाना कळलं असेल. बाकीच्यांना पुढे कळेल.

आपल्या नातेपुत्याला रूळ नाहीत. पुणे–पंढरपूर रस्ता आहे, आषाढीत माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, चैत्रात शिखर शिंगणापूरची गर्दी असते, पण रेल्वे नाही. फलटणहून पंढरपूरला लोहमार्ग येणार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१९ मध्ये लोणंदहून फलटणपर्यंत गाडी आली, पुढचं आपण अजून ऐकतोच आहोत. मला वाटतं, गावाला रेल्वे नसण्याचाही एक परिणाम होतो. कुर्डुवाडीच्या पोराला इंजिनाचं काय कौतुक? ते त्याच्या झोपेतच शिट्टी मारून जातं. आपण मात्र एसटीने पंढरपूरला गेलो की आजीचा हात सोडवून स्टेशनाकडे पळायचो.

तिथे उभी असायची ती बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही करामत. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, इथून बार्शी गावापर्यंत ती सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग इंजिन असो की डबा. भार असा सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि कापूस व वारकरी दोन्ही स्वस्तात वाहता येतात. पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची याच मापाची रेल्वे त्याने उभारली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. म्हणजे आधी बार्शी, मग इंग्लंड. हे वर्गात सांगितलं की पोरं ताठ बसायची. आता आपल्याकडचा तो सगळा मार्ग रुंद झाला आहे आणि ती गाडी फोटोत गेली आहे.

आता खऱ्या रेल्वेकडून छोटीकडे येऊ. खेळण्यातल्या गाड्या युरोपात बऱ्याच आधीपासून विकल्या जात होत्या, पण गाडी घेतली, ढकलली, संपलं. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने चावीची गाडी मांडली. तिचे रूळ सुटे होते, ठरावीक मापांचे होते आणि हवे तेवढे जोडत जाता येत होते. माझ्या मते या छंदाची खरी सुरुवात इथे आहे. गाडी एकदा विकत घेता येते, पण सुटे रूळ मिळू लागले की 'आता पुरे' म्हणण्याची जागाच उरत नाही. एक फाटा जोडला की दुसरा सुचतो. फाटा आला की सिग्नल हवा, सिग्नल आला की स्टेशन, स्टेशनाला चहाची टपरी.

मग लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० पासून गाड्या विकायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याचं नाव अधिक माहीत ते मेकॅनोमुळे. त्या छिद्रांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट त्याचेच, पेटंट १९०१ चं. पुढे गाड्या आकाराने लहान होत गेल्या. आज सर्वांत जास्त चालतं ते एचओ हे माप, म्हणजे 'हाफ ओ', जुन्या ओ मापाच्या निम्मं. प्रमाण १ : ८७, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर. या प्रमाणात कुणाला बार्शी लाइट करायची असेल तर रूळ नऊ मिलिमीटरवर येतात. अंगठ्याच्या नखापेक्षाही कमी अंतरात अख्खी पंढरीची गाडी!

यानंतरची एक बारीक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे. वीज आली तेव्हा सुरुवातीला बऱ्याच कंपन्या तीन रूळ वापरत. मधल्या रुळातून वीज येई आणि बाजूच्या दोन्हींतून परत जाई. हे दिसायला वाईट. खऱ्या रेल्वेला मध्ये तिसरा रूळ कुठे असतो? म्हणून हौशी लोकांनी तो काढून टाकला आणि एक रूळ धन, दुसरा ऋण अशी दोन रुळांची पद्धत आली. दिसायला अगदी खऱ्यासारखी, पण तिच्यात एक खोड आहे. समजा, गाडी सरळ गेली, पुढे गोल वळसा घालून त्याच रुळावर तोंड फिरवून परत आली. आपण गावच्या पाराला वळसा घालून आलो त्या रस्त्याने परत फिरतो, तसंच. बोटाने कागदावर काढून पाहा. परत येताना डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. धन ऋणाला भिडलं, म्हणजे शॉर्टसर्किट. गाडी वळशावर असो वा नसो, वळसा जोडला त्या क्षणीच ते झालेलं असतं. उपाय आहे. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून थोडी फट ठेवायची आणि तेवढ्या तुकड्याला उलटसुलट करता येईल असं वेगळं बटण द्यायचं. मार्कलिनवाल्यांनी मधला संपर्क कधी सोडलाच नाही, फक्त रूळ जाऊन तिथे बारीक टोकं आली. त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही.

माणसं का उठत नाहीत, याचं उत्तर मला या तारांतच सापडतं. वरून पाहिलं तर डोंगर, बोगदा, गाव, माणसं. खाली वाकून पाहिलं तर शेकडो तारा. कुठली तार कुठल्या तुकड्याला गेली याचा नकाशा कागदावर असतो म्हणतात, पण खरा नकाशा डोक्यात असतो आणि तो फार नाजूक असतो. चार तास बसून तो तयार होतो आणि "जेवायला चला" या दोन शब्दांनी मोडतो. परत येऊन बसलं की पहिला तास फक्त 'मी कुठे होतो' यात जातो. स्वेटर विणणारीला टाके मोजताना हाक मारून पाहा, ती काय म्हणते.

या बैठकांचा सर्वांत मोठा परिणाम झाला तो अमेरिकेत. एमआयटी या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांनी छोट्या रेल्वेचा एक क्लब काढला. युद्धकाळात घाईने बांधलेल्या एका लाकडी इमारतीत त्याची खोली होती. काही मुलांना वरचे डबे रंगवण्यात रस, काहींना खालच्या तारांत. खालच्या मंडळींनी टेलिफोन एक्स्चेंजचे रिले वापरून अशी यंत्रणा केली की अनेक जण एकाच वेळी आपापली गाडी चालवू शकत. या क्लबाचा एक नियम मला फार आवडतो. मांडणीवर चाळीस तास काम केल्याशिवाय खोलीची किल्ली मिळत नसे. फी भरून नव्हे, वशिल्याने नव्हे, चाळीस तास. किल्ली मिळाली की रात्री-अपरात्री कधीही या. हीच मुलं पुढे टीएक्स-झिरो या संगणकापाशी जाऊन बसली. दिवसा तो मोठ्यांच्या कामात असे, म्हणून रात्री. 'हॅक' हा शब्द संगणकात आला तो या क्लबाच्या बोलीतून. आपल्यातल्या ज्यांची मुलं हिंजवडीत रात्र रात्र जागतात त्यांनी हे त्यांना जरूर सांगावं.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. कॅलिफोर्नियात जॉन अ‍ॅलन नावाच्या छायाचित्रकाराने घराच्या तळघरात कित्येक वर्षं खपून डोंगरदऱ्यांची अशी रेल्वे केली की जगभरचे हौशी तिचे फोटो जपून ठेवत. जानेवारी १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच आग लागून ती जळाली. रॉड स्टुअर्ट हा इंग्लंडचा गायक, त्याने तेवीस वर्षं खपून एक अख्खं अमेरिकन शहर रेल्वेसह उभं केलं. २०१९ मध्ये 'रेल्वे मॉडेलर' मासिकात त्याचे फोटो आले तेव्हा लोक थक्क झाले. गाण्याच्या दौऱ्यावर असताना तो हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा, इमारती करत बसण्यासाठी. जादा खोली! आपल्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपायची.

ही थट्टा नाही, मुद्दा आहे. या छंदाला पैशापेक्षा जास्त लागतं ते कुणीही न उचलणारं टेबल. आपल्या घरांत रात्री अंथरुणं पडली की सगळं आवरावं लागे. याला अपवाद एकच, दिवाळीचा किल्ला. अंगणातला तो चिखलाचा ढिगारा, हळीव पेरलेला, मावळे मांडलेले, तो मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत कुणी हलवत नसे. घरातलं सर्वांत लहान माणूस सर्वांत मोठी जागा अडवून बसायचं आणि मोठी माणसं वळसा घालून जायची. आपल्याकडची मॉडेलची परंपरा शोधायची तर ती इथे आहे.

आणि ज्या मराठी माणसाने हे टेबल मिळवून दाखवलं ते म्हणजे पुण्याचे भाऊसाहेब जोशी. त्यांना चालत्या रेल्वेच्या मॉडेलांचा नाद. आधी गोळा केली, मग हलवता येईल अशी मांडणी केली आणि १९८२ मध्ये पुण्याच्या गोखले हॉलमध्ये तिचं प्रदर्शन भरवलं. १९८४ मध्ये मुंबईत. या काळात त्यांनी अनेक मांडण्या केल्या, पण प्रत्येक वेळी सगळं सोडवायचं, न्यायचं, पुन्हा जोडायचं. ज्याने एकदा तरी मंडपाची रोषणाई उतरवून परत लावली आहे त्याला यातला वैताग कळेल. १९९१ मध्ये सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स हा उद्योग काढायचं ठरलं तेव्हा त्याच आराखड्यात कायमच्या रेल्वेलाही जागा धरली. त्यानंतर सहा वर्षं काम चाललं आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमधलं ते छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांना खुलं झालं. २००४ मध्ये लिम्का बुकात त्याची नोंद झाली. मी त्याला या छंदाच्या मराठी इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा मानतो. त्याआधी कुणी गाड्या केल्या नाहीत असं नाही, पण सहा वर्षं एकाच जागी, न उचलता, हे आधी कुणाला जमलं असेल असं मला वाटत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो २००३ मध्ये, मुलीला घेऊन. दिवे हळूहळू मावळतात, छोट्या शहरात संध्याकाळ होते, खिडक्या उजळतात. वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, वेगवान गाडी जाते, वरून लटकती रेल्वे जाते. मुलगी सर्कशीच्या तंबूकडे पाहत होती. मी एका वळशाकडे पाहत होतो. गाडी गेली, फिरली आणि त्याच रुळावरून तोंड फिरवून परत आली. खेळ संपल्यावर मी तिथल्या गृहस्थांना विचारलं, हे कसं? त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. वर जे फट आणि वेगळ्या बटणाचं लिहिलं आहे ते मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. मुलगी हात ओढत होती, पण माझे पाय जागचे हलेनात.

कारण १९८२ च्या डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या शाळेने बार्शी लाइट नेली होती. नववीच्या आम्हा दोघांनी केलेली. आम्हाला प्रमाण माहीत नव्हतं, एचओ माहीत नव्हतं. पुण्यात त्याच वर्षी गोखले हॉलात प्रदर्शन झालं होतं, तेही ठाऊक नव्हतं. भांड्यांच्या दुकानातून पितळी पट्ट्या आणल्या. लेथवाल्याने चाकं करून दिली, आस लाकडी. मोटर त्याच्या मामाच्या बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची. वीज प्रयोगशाळेच्या बॅटरी एलिमिनेटरची. नकाशा मी काढला. एका टोकाला कुर्डुवाडी, दुसऱ्या टोकाला पंढरपूर आणि पंढरपुरात देवळाला गोल वळसा. गाडीने पांडुरंगाला प्रदक्षिणा घालून परत यावं, हा माझा हट्ट. तो म्हणाला होता, "कशाला? सरळ ठेवू, पुढे-मागे करू." मी ऐकलं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बसलो. सरांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली. शिपाईमामा दाराशी घोंगडी घेऊन बसले. त्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही आणि आम्हाला एकदाही "किती वाजले" म्हटलं नाही. आईने पाठवलेली भाकरी आणि ठेचा तसाच राहिला. इतिहासाच्या पुस्तकांत या बैठका मारणाऱ्यांची नावं असतात, दाराशी बसलेल्यांची नसतात. पहाटे तीनला गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरच्या वेशीपर्यंत सरळ रुळावर गेली आणि मागे आली. आम्ही ओरडलो तेव्हा शिपाईमामांनी आत येऊन पाहिलं आणि हात जोडले. पाचला वीज गेली. वळशाचा शेवटचा डाग आम्ही स्टोव्हवर लोखंड तापवून दिला, नवसागराच्या धुरात. चालवून पाहायला वीजच नव्हती. सातला फळी एसटीच्या टपावर चढली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बटण दाबलं, गाडी हलली नाही. फ्यूज गेला. परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले होते. त्याने घाईत फ्यूजच्या जागी जाड तार लावली. एलिमिनेटरमधून धूर निघाला. दोष जाड तारेचा ठरला. एलिमिनेटरचे पैसे त्याच्या वडिलांनी दोन हप्त्यांत भरले, शाळेत येऊन, सगळ्यांसमोर. दहावी होईपर्यंत आपण सगळ्यांनी त्याला 'शॉर्टसर्किट' म्हणून हाक मारली. मीसुद्धा. तो परत प्रयोगशाळेत आला नाही. तो बाहेर पटांगणात बसायचा.

मित्रहो, जाड तार लावायला नको होती हे खरं. पण फ्यूज गेला तो वळशामुळे, आणि वळसा माझा होता. शेवटचा डाग दिला तेव्हाच ती गाडी मेली होती. त्या वेळी मला हे कळलं नव्हतं, ही माझी बाजू. २००३ मध्ये कळलं आणि त्यानंतरही मी इतकी वर्षं गप्प बसलो, याला माझ्याकडे बाजू नाही.

गेल्या दिवाळीत त्याला फोन केला. तो आता मोटारी रिवाइंड करतो, आपल्या भागातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्याच्या हातून गेल्या असतील. मी सगळं सांगितलं, फटीसकट, बटणासकट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. घरी जाऊन फळीवर बोट फिरवलं. डावा उजव्याला मिळतोय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून एलिमिनेटर परत आला असता का? आणि तू रडवेला झाला होतास."

फळी त्याच्याकडे अजून आहे, माळ्यावर. देऊळ उंदरांनी खाल्लं, रूळ शाबूत आहेत. मेळाव्याला तो ती आणणार आहे. वळसा तसाच ठेवायचा, दोन्ही टोकांना फटी मारायच्या, बटण तो बसवेल. फ्यूजही तोच लावणार म्हणतो, बारीक तारेचा. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला शाळेत बसायचं ठरलं आहे. किल्लीचं मुख्याध्यापकांशी बोलून झालं आहे. ज्यांना यायचं त्यांनी या, पण दाराशी बसायला एक जण लागेल.